ग्रह-राशींची चिन्हं अक्षरंच राहू द्या: फोन आणि फॉन्ट बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
फोन, ब्राउझर, फॉन्ट आणि संदेशांची अ‍ॅप्स तयार करणाऱ्या सर्व कंपन्या,
तसंच युनिकोडच्या तांत्रिक समितीत त्यांच्या वतीनं बसणारे सर्व प्रतिनिधी

स.न.वि.वि.

मेष राशीचं चिन्ह म्हणजे दोन वळलेली शिंगं. दोन रेघांत काम होतं. हे चिन्ह आधी बोरूनं लिहिलं गेलं, मग शिशाच्या खिळ्यांनी छापलं गेलं आणि १९९१ साली युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या अक्षरांना संगणकासाठी कोड देणाऱ्या प्रमाणाच्या, पहिल्या आवृत्तीत इतर अकरा राशींबरोबर त्यालाही स्वतःचा कोड मिळाला. आज तेच चिन्ह मी टंकते, आणि वाचणाऱ्याच्या फोनवर ते रंगीत चौकोनात बसवलेलं चित्र होऊन उमटतं. आजूबाजूचा मजकूर काळा, बारीक, सरळ ओळीत. मधेच हा चौकोन. मी चित्र पाठवलेलं नसतं. तुमच्या यंत्रानं मला न विचारता माझं अक्षर बदललेलं असतं.

हा प्रकार अपघातानं घडत नाही. कोणत्या चिन्हाला आपोआप रंगीत रूप द्यायचं याच्या याद्या आहेत, त्या तुम्ही ठरवल्या आहेत आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या दररोज वापरल्या जातात. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड.

माझं यात काय अडलंय ते आधी सांगते. आकाशनिरीक्षकांसाठी निघणाऱ्या एका वार्षिक दिनदर्शिकेचं संपादन आणि मुद्रितशोधन मी करते. ग्रहांच्या युती-प्रतियुती (आकाशात जवळ येणं आणि समोरासमोर येणं), चंद्राच्या कला, ग्रहणं, पिधानं (एका ज्योतीआड दुसरी झाकली जाणं), धूमकेतूंच्या कक्षा, सगळं तक्त्यांमध्ये. शिवाय आमचा एक छोटा गट जुन्या निरीक्षकांच्या वह्या आणि जुने छापील तक्ते अक्षर-अक्षर संगणकावर उतरवतो. त्या काळचे निरीक्षक दर ओळीत ग्रहाचं नाव लिहीत बसत नसत. थंडीत, अंधुक दिव्यात, दुर्बिणीवरचा डोळा क्षणभर काढून ते एक चिन्ह काढत आणि पुढे आकडे लिहीत. चिन्ह चुकलं तर नोंद दुसऱ्याच ग्रहाची होते. इतकं वजन त्या एका खुणेवर असतं, आणि ते उचलायला आम्ही तुमच्या फॉन्टवर आणि तुमच्या पडद्यांवर अवलंबून आहोत.

इथवर आपण कसे आलो ते मला ठाऊक आहे आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता हेही मान्य आहे. जपानमधल्या मोबाइल कंपन्यांच्या फोनांवर राशींची छोटी चित्रं होती. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोड ६.० आलं तेव्हा इमोजींना प्रमाणात जागा दिली गेली. बारा राशींना कोड आधीपासूनच होते. एकाच चिन्हाला दोन कोड द्यायचे नाहीत हा चांगला नियम, त्यामुळे जपानी चित्रं जुन्याच कोडांवर बसवली गेली. यातून गोंधळ होणार हे ओळखून २०१२ च्या ६.१ आवृत्तीत उपायही दिला गेला: चिन्हाच्या मागे व्हेरिएशन सिलेक्टर १५ हा अदृश्य कोड ठेवला तर मजकुराचं काळं रूप, १६ ठेवला तर रंगीत रूप. इथपर्यंत सगळं समंजसपणाचं होतं.

मग २०१५ साली इमोजींचा तांत्रिक अहवाल आला आणि काहीच खूण नसेल तेव्हा कोणतं रूप दाखवायचं ते त्यात ठरलं. बाराही राशी रंगीत बाजूला गेल्या. माझी मुख्य तक्रार याच निर्णयाबद्दल आहे. हे कोड त्याआधी वीस-पंचवीस वर्षं साध्या मजकुराचे म्हणून वापरात होते. त्या काळात ज्यांनी ज्यांनी विश्वासानं ते लिहिले, त्यांच्या फाइलींना कुणी हातही लावला नाही, तरी त्या फाइली आज वेगळ्या दिसतात. लेखक हयात असो वा नसो, त्याच्या पानावर आता रंगीत चौकोन आहेत. सिलेक्टर १५ लावा म्हणावं तर ज्या वर्षी तो मजकूर लिहिला गेला त्या वर्षी सिलेक्टरचा हा उपयोग अस्तित्वातच नव्हता.

राशींची चिन्हं म्हणजे फक्त भविष्याच्या सदरातली सजावट, असा समज या निर्णयामागे असावा. तो चुकीचा आहे. ♈︎ हे वसंतसंपात बिंदूचं चिन्ह आहे. सूर्याची वार्षिक वाट खगोलीय विषुववृत्ताला जिथे दक्षिणेकडून उत्तरेकडे छेदते तो हा बिंदू. विषुववृत्तावरचे विषुवांश इथून मोजतात, क्रांतिवृत्तावरचे, म्हणजे सूर्याच्या त्याच वाटेवरचे, भोगांश इथून मोजतात, आणि ताऱ्यांवरून मोजायचा नाक्षत्र काळ म्हणजे याच बिंदूचा होराकोन, म्हणजे डोक्यावरच्या दक्षिणोत्तर रेषेपासून तो किती पश्चिमेला सरकला ते. ताऱ्यांवरून जहाजाचं स्थान काढणाऱ्या नावाड्याच्या पंचांगात या बिंदूच्या होराकोनाचा रकाना असतो आणि त्याच्या डोक्यावर हे चिन्ह. हा बिंदू ताऱ्यांमधून हळूहळू सरकतो, त्या संपातचलनामुळे तो केव्हाच मीन तारकासमूहात गेला, तरी चिन्ह मेषेचंच राहिलं. गणित करणाऱ्या सगळ्यांनी ते तसंच ठेवलं. आता तुमच्या फोनवर कक्षेचं गणित उघडलं की समीकरणाच्या मधोमध रंगीत चौकोन दिसतो. बेरजेच्या किंवा अंशाच्या चिन्हाला कुणी असं रंगवलं असतं तर तुमच्याच अभियंत्यांनी आक्षेप घेतला असता.

जुन्या तक्त्यांत तर ग्रहाचं स्थान सांगायची रीतच राशीवर उभी होती. ३६० अंशांचं वर्तुळ सलग न मोजता तीस-तीस अंशांचे बारा भाग धरायचे आणि लिहायचं: १२° ♌︎ ४०′. म्हणजे सिंहेत बारा अंश चाळीस मिनिटं, अर्थात १३२ अंश ४० मिनिटं. इथे राशीचं चिन्ह हा संख्येचाच एक भाग आहे. अंश आणि मिनिटांच्या मध्ये तो रंगीत ठोकळा आला की डोळ्याला ती एक संख्या वाटतच नाही, दोन तुटक तुकडे वाटतात.

रंगाबरोबर रुंदीही बदलली, आणि तिचा त्रास रंगापेक्षा जास्त आहे. २०१६ च्या नवव्या आवृत्तीपासून आपोआप रंगीत होणारी चिन्हं 'रुंद' गटात गेली, म्हणजे समान रुंदीच्या फॉन्टमध्ये ती एकाऐवजी दोन घरं अडवतात. आमचे कितीतरी तक्ते साध्या मजकुराचे आहेत. रकाने मोकळ्या जागा मोजून जुळवलेले, कारण अशी फाइल कोणत्याही यंत्रावर उघडते आणि पन्नास वर्षांनीही उघडेल. ज्या ओळीत राशी आहे ती ओळ आता एक घर पुढे सरकते, नाही ती जागेवर राहते. कुठे सरकते, कुठे नाही, हे पुन्हा प्रत्येक प्रोग्रामवर अवलंबून. तक्ता वाचताना बोट एका रकान्यावर ठेवून खाली आणलं की ते शेजारच्या रकान्यात उतरतं.

आता ग्रहांकडे येते. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी: ☿ ♀︎ ♁ ♂︎ ♃ ♄. ही सहा चिन्हं एका घराण्यातली आहेत. तीच वर्तुळं, तेच क्रूस, त्याच चंद्रकोरी वेगवेगळ्या तऱ्हेनं जोडलेल्या. २०१६ साली इमोजींमध्ये स्त्री आणि पुरुष अशी रूपं दाखवण्यासाठी ♀︎ आणि ♂︎ वापरायचं ठरलं आणि ती दोन चिन्हं इमोजींच्या यादीत गेली. प्रमाणात त्यांचं मूळ रूप मजकुराचंच ठेवलं आहे, ही चांगली गोष्ट. पण तुमच्यापैकी काहींच्या अ‍ॅप्समध्ये ते पाळलं जात नाही. परिणाम असा की ग्रहांच्या ओळीत चार ग्रह काळ्या बारीक रेघेत आणि शुक्र-मंगळ रंगीत चौकोनात. नवख्या वाचकाला वाटतं, या दोन ग्रहांबद्दल आज काहीतरी विशेष आहे. एका वाचकानं आम्हाला तसं विचारलंही. विशेष काहीच नव्हतं, त्या रात्री दोघंही क्षितिजाखाली होते.

"मग सिलेक्टर १५ लावा की," असं उत्तर मिळतं. लावतो. आमच्या दिनदर्शिकेच्या मजकुरात प्रत्येक राशीमागे तो आहे. पण संदेशाच्या एका अ‍ॅपमध्ये मजकूर चिकटवला की ते अ‍ॅप हा अदृश्य कोड गाळून टाकतं. दुसरं एक अ‍ॅप गाळत नाही, फक्त त्याकडे दुर्लक्ष करतं. एका अर्जाच्या चौकटीत तो अनोळखी अक्षर म्हणून नाकारला गेला आणि अख्खी ओळच परत आली. शोधतानाही अडचण: वाचक साधी मेष टंकून शोधतो, मजकुरात सिलेक्टर लावलेली मेष असते आणि काही प्रोग्राम दोन्हीला वेगळं समजून 'सापडलं नाही' म्हणतात. हे कोड तुलनेच्या वेळी वगळायचे असतात. म्हणजे उपाय तुम्हीच सुचवला आणि तुमचीच सॉफ्टवेअरं तो मोडतात.

कीबोर्डबद्दलही बोललं पाहिजे. इमोजींच्या पट्टीवर बारा राशी एका टिचकीवर मिळतात. बुध, गुरू, शनी कुठेच मिळत नाहीत. कक्षा क्रांतिवृत्ताला दक्षिणेकडून उत्तरेकडे छेदते तो बिंदू म्हणजे चढता पात, चंद्राच्या बाबतीत ज्याला आपण राहू म्हणतो. त्याचं चिन्ह ☊, तेही नाही. याचा फटका कसा बसतो ते सांगते. धूमकेतूच्या कक्षेच्या घटकांमध्ये चढत्या पाताचा भोगांश असतो आणि जुन्या छापील तक्त्यात त्याच्या पुढे ☊ असं चिन्ह असतं. (आज तिथे ग्रीक ओमेगा लिहितात, तोही याच चिन्हासारखा दिसतो म्हणून आला.) फोनवरून नोंदी उतरवणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याला पट्टीवर ☊ सापडलं नाही, त्याच्यासारखंच दिसणारं ♌︎ सापडलं. दोन्हींत फरक म्हणजे शेपटी कुठे वळते इतकाच. नोंदीत पाताच्या जागी सिंह रास आली, रंगीत चौकोनात. आकडा बरोबर होता, पण तो कशाचा आहे हे त्या ओळीवरून कुणालाच कळलं नसतं. मूळ पानाशी ताडून पाहिलं म्हणून सापडलं. जिथे मूळ पान हाताशी नाही, तिथे काय होत असेल?

सूर्याच्या चिन्हाची कथा वेगळी आहे, पण मुळाशी हेच दुर्लक्ष आहे. ताऱ्यांची वस्तुमानं सूर्याच्या पटीत सांगतात. श्वेत बटूच्या, म्हणजे इंधन संपलेल्या छोट्या दाट ताऱ्याच्या, वस्तुमानाची चंद्रशेखर मर्यादा सुमारे १.४ सौर वस्तुमानं, आणि ती लिहिताना अक्षराच्या पायाशी ☉ येतं. खगोलभौतिकीत याहून जास्त वापरलं जाणारं चिन्ह क्वचितच असेल. युनिकोडमध्ये सूर्याला स्वतंत्र कोड आहे. तरी रोजच्या वापरातल्या कितीतरी फॉन्टमध्ये तो नाही, म्हणून लोक दिसायला जवळचं काहीतरी उचलतात. कुणी गणितातलं बिंदूवालं वर्तुळ ⊙ घेतं. शास्त्रीय लेखांच्या अक्षरजुळणीत तर हीच सवय पक्की झाली आहे. कुणी ʘ घेतं, जे खरं तर ओठांनी काढायच्या चटकाऱ्यासारख्या ध्वनीचं उच्चारचिन्ह आहे. डोळ्याला तिन्ही सारखी, यंत्राला तीन निरनिराळी अक्षरं. हजारो लेखांत सौर वस्तुमान शोधायला बसलं की एका चिन्हानं शोधलेले लेख दुसऱ्यानं सापडत नाहीत.

पृथ्वीचंही तसंच. युनिकोडमध्ये पृथ्वी या नावाचं चिन्ह ♁ आहे, गोलावर क्रूस. पण दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची वस्तुमानं पृथ्वीच्या पटीत लिहिताना खगोलशास्त्रज्ञ वर्तुळात क्रूस काढतात, आणि त्यासाठी गणितातलं ⊕ उसनं घ्यावं लागतं. हुबेहूब तो आकार २०१० साली किमयागारांच्या चिन्हांमध्ये आला खरा, पण तिथे त्याचं नाव तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या गंजाचं आहे. नावं एकदा दिली की बदलायची नाहीत हा युनिकोडचा नियम मला पटतो आणि तो मोडा असं मी म्हणणार नाही. पण नावापुढे 'हे पृथ्वीचंही चिन्ह आहे' अशी ठळक टीप, आणि फॉन्टमध्ये या चिन्हांची एकमेकांशी जुळणारी वळणं, एवढं तर नियम न मोडता होतं.

केंद्रयोगाची गोष्ट ऐकून मात्र तुमच्यातल्या कुणालाही वाईट वाटावं. दोन ग्रहांमधलं अंतर ९० अंश असणं म्हणजे केंद्रयोग. पृथ्वीच्या कक्षेबाहेरचा ग्रह सूर्यापासून ९० अंशांवर येतो ती स्थितीही याच खुणेनं दाखवतात. युतीला ☌ आणि प्रतियुतीला ☍ असे स्वतंत्र कोड आहेत. केंद्रयोगाला वेगळा कोड दिला नाही, भूमितीतला रिकामा चौकोन □ वापरा असं ठरलं. नवपंचमाला (१२० अंशांच्या अंतराला) तसाच त्रिकोण △. आणि फॉन्टमध्ये एखादं अक्षर नसेल तेव्हा तुमची यंत्रं काय दाखवतात? रिकामा चौकोन. त्यामुळे युती-प्रतियुतींच्या तक्त्यात चौकोन दिसला की तो केंद्रयोग आहे की हरवलेलं अक्षर आहे, ते पडद्याकडे बघून सांगता येत नाही. मी मुद्रितशोधन करते. माझं कामच पडद्याकडे बघून सांगण्याचं आहे.

आणि हरवलेली अक्षरं पुष्कळ आहेत. इथे युनिकोडच्या समितीचं मी मनापासून कौतुक करते. सेरेस, पॅलास, जुनो, व्हेस्टा या लघुग्रहांची चिन्हं २००८ च्या ५.१ आवृत्तीत आली. सेरेस १८०१ साली सापडला, त्याची खूण म्हणजे विळा. पुढे लघुग्रह इतके झाले की १८५० च्या दशकात चिन्हं मागे पडून क्रमांक आले, पण त्याआधीच्या वह्या या चिन्हांशिवाय उतरवताच येत नाहीत. युरेनसच्या दोन खुणा प्रचारात होत्या, एकीत तो शोधणाऱ्या हर्शेलच्या नावाचं आद्याक्षर असलेली. दोन्हींना कोड आहेत. प्लूटोचं ♇ हे त्याच्या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांचं आणि ज्यांच्या वेधशाळेत तो सापडला त्या पर्सिव्हल लोवेल यांच्या आद्याक्षरांचंही जोडचिन्ह, १९३० च्या शोधापासूनचं. त्याची फलज्योतिषात चालणारी वेगळी रूपं २०१८ साली अकराव्या आवृत्तीत नोंदली गेली. प्लूटोसारखे दूरचे छोटे पिंड एरिस आणि सेडनाही तेव्हाच आले. सप्टेंबर २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीत हाउमेया, माकेमाके, गोंगगोंग, क्वाओआर आणि ऑर्कस या तशाच बटू ग्रहांना जागा मिळाली. मागण्या तपासणं, पुरावे मागणं, रूपं वेगळी ओळखणं, हे काम बारकाईनं झालं आहे.

पण कोड मिळाला म्हणजे अक्षर मिळालं असं होत नाही. फोनमध्ये आधीपासून बसवलेल्या फॉन्टांत ही नवी चिन्हं नसतील तर वाचणाऱ्याला पुन्हा तोच रिकामा चौकोन. जुनी चिन्हं असतात, पण प्रत्येक वेगळ्या फॉन्टमधून गोळा केलेलं. एकाच ओळीत बुध ठसठशीत, गुरू केसासारखा बारीक, शनी ओळीच्या खाली उतरलेला. सर्वात जास्त वापराच्या अक्षरांना तुमच्याकडे कसबी अक्षरकार आहेत, मग सूर्यमालेतल्या मोजक्या चिन्हांसाठी त्यांचे काही दिवस निघू नयेत?

चंद्रकलांबद्दल थोडक्यात. अमावास्येपासून पुन्हा अमावास्येपर्यंत आठ कलांची आठ चित्रं इमोजींमध्ये आहेत आणि ती आपोआप रंगीतच उमटतात. त्यांतल्या फक्त पौर्णिमेच्या चिन्हाला काळं रूप मागण्याची अधिकृत सोय आहे, उरलेल्या सात कलांना नाही. कारण ऐतिहासिक असेल, पण काळ्या-पांढऱ्या तक्त्यात आठ कला सारख्या वळणाच्या हव्या असतील तर प्रमाणात त्याला मार्गच नाही. शिवाय कोर उजवीकडून वाढते असंच सगळी चित्रं धरून चालतात. दक्षिण गोलार्धातल्या माणसाला ती डावीकडून वाढताना दिसते.

दृष्टिहीन वाचकांचं काय, हे कुणी विचारतच नाही. आमच्या वाचकांमध्ये ते आहेत आणि आकाशाची आवड डोळ्यांवर अवलंबून नसते हे त्यांनीच आम्हाला दाखवलं. ♀︎ चं युनिकोडमधलं नाव स्त्रीचं चिन्ह असं आहे, ♂︎ चं पुरुषाचं. अठराव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसनं ही दोन चिन्हं सजीवांच्या नर-मादीसाठी वापरली आणि ती रूढ झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण युतींचा तक्ता वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर "बुध, स्त्रीचं चिन्ह, पृथ्वी, पुरुषाचं चिन्ह, गुरू" असं म्हणत जातं तेव्हा ऐकणाऱ्यानं काय समजायचं? शेजारी दुसरे ग्रह आहेत, हे यंत्राला कळणं अवघड नाही.

आता तुमच्याकडून येणाऱ्या दोन उत्तरांबद्दल. एक असं की आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघच शोधनिबंधांत ग्रहचिन्हं वापरू नका म्हणतो. खरं आहे, नव्या निबंधांसाठी ते म्हणणं योग्यही असेल. पण जे लिहून झालंय ते बदलता येत नाही, आणि सूर्य-पृथ्वीच्या पटीत मोजमाप लिहिताना ती चिन्हं आजही सर्रास चालतात. दुसरं उत्तर असं की तक्त्याचं चित्र करून टाका, किंवा पीडीएफ द्या. चित्रात शोधता येत नाही, चित्र वाचून दाखवता येत नाही, चित्रातला आकडा उचलून गणितात घालता येत नाही. मजकूर मजकूर म्हणून टिकावा यासाठीच तर युनिकोड जन्माला आलं.

आणखी एक शंका लोक दबक्या आवाजात विचारतात: हे सगळं ज्योतिषांसाठी चाललंय का? फलज्योतिष खरं की खोटं, हा या पत्राचा विषय नाही. केप्लर ग्रहगतीचे नियमही मांडत होता आणि कुंडल्याही करत होता, तीच चिन्हं वापरून. त्याच्या काळचा कागद जो उतरवेल, त्याला दोन्हींची गरज आहे. आज पत्रिका मांडणाऱ्यालाही आपला मजकूर जसा लिहिला तसाच दिसावा असं वाटण्याचा पूर्ण हक्क आहे. लिपी लिहिणाऱ्याचे विचार तपासत नाही.

राशींचा मूळ निर्णयच उलटा फिरवा, अशी मागणी मी करत नाही. कोट्यवधी संदेशांत लोकांनी रंगीत राशी हौसेनं वापरल्या आहेत आणि त्यांचा मजकूर बदलला तर त्यांच्यावर तोच अन्याय होईल जो आमच्यावर झाला. मागण्या अशा:

एक. सिलेक्टर १५ जिथे असेल तिथे काळं रूपच दिसलं पाहिजे. प्रत्येक अ‍ॅपमध्ये, सूचनांच्या पट्टीत, शोधाच्या चौकटीत, सगळीकडे. चिकटवताना, साठवताना तो गाळला जाऊ नये आणि शोधताना तो आड येऊ नये.

दोन. राशीचं चिन्ह अंश-मिनिटांच्या खुणेला, गणिताच्या चिन्हाला किंवा ग्रहचिन्हाला लागून आलं असेल आणि सिलेक्टर नसेल, तर ते मजकूर समजा. जुन्या फाइलींना यानंच दिलासा मिळेल.

तीन. वाचणाऱ्याला स्वतःच्या यंत्रावर 'चिन्हं साध्या रूपात दाखवा' असा पर्याय द्या. वेबपानांसाठी सीएसएसमध्ये फॉन्ट-व्हेरियंट-इमोजी हा गुण त्याचसाठी मांडला गेला आहे. तो सगळ्या ब्राउझरांनी पूर्णपणे राबवावा.

चार. यंत्रासोबत येणाऱ्या मुख्य फॉन्टांत सूर्य, ग्रह, बटू ग्रह, पात, युती-प्रतियुती आणि बारा राशी यांचा पूर्ण संच एकाच वळणात, एकाच जाडीत असावा. आणि अक्षर सापडलं नाही हे दाखवणारी खूण केंद्रयोगाच्या चौकोनाहून स्पष्टपणे वेगळी असावी, त्यात फुली मारा किंवा कोड लिहा.

पाच. कीबोर्डवर ही चिन्हं इमोजींपासून वेगळ्या, साध्या चिन्हांच्या पट्टीवर द्या. ☊ आणि ♌︎ शेजारी ठेवू नका.

सहा. चंद्राच्या उरलेल्या सात कलांनाही काळ्या रूपाची अधिकृत सोय करा. ♀︎ आणि ♂︎ ग्रहांच्या ओळीत असतील तर वाचून दाखवताना शुक्र आणि मंगळ म्हणा.

सात, हे समितीसाठी. खगोलाची जी चिन्हं आज साध्या मजकुराची आहेत, ☿ ♃ ♄ ☉ ☊ आणि २०२२ साली आलेले बटू ग्रह, त्यांतलं एकही यापुढे आपोआप रंगीत होणाऱ्यांच्या यादीत जाणार नाही, असं लेखी जाहीर करा. स्थैर्याचे नियम तुम्ही नावांसाठी आणि कोडांसाठी केले आहेत. तसाच नियम रूपासाठी करा.

यातल्या पहिल्या मागणीला नवं संशोधन लागत नाही, २०१२ पासून लिहून ठेवलेला नियम पाळायचा आहे. तिथूनच सुरुवात करा. चाचणीसाठी नमुने हवे असतील तर आमच्या गटाकडे तयार आहेत: जुन्या तक्त्यांतल्या ओळी, प्रत्येकीत कोणतं चिन्ह कसं दिसायला हवं ते शेजारी नोंदवलेलं. मागा, लगेच पाठवू. उत्तर मात्र खासगीत नको, या पत्रासारखंच उघड द्या, आणि त्यात कोणती मागणी कोणत्या आवृत्तीत पूर्ण करणार ते लिहा. जी करणार नसाल तिचं कारणही लिहा.

कळावे,
आपली,
एका खगोल दिनदर्शिकेची संपादक